कुंडीच्या काठावरची ताई

बाबांनी जन्मभर जातीविरुद्ध पत्रकं काढली. त्यांच्या घड्या घालता घालताच ताई आणि मी वाचायला शिकलो. मग ताईनं जातीबाहेर लग्न केलं, ती इच्छापुरला राहायला गेली, आणि त्याच बाबांनी मला आईची शपथ घातली: तिला फोन करायचा नाही, तिच्या घरी जायचं नाही. व्हिडिओ गेमचं त्यांना सुचलं नाही.

तिच्याकडे एका कंपनीचा कन्सोल होता, माझ्याकडे दुसरीचा. आमचा खेळ दोन्हींवर एकत्र चालायचा. रोज संध्याकाळी आम्ही त्यात भेटायचो आणि जमीन खणून आपला कुंडी भंडारा बांधायचो. खाली पाण्याचा बोगदा, वर विहिरींसारख्या कुंड्यांची ओळ, आपल्या गावातल्यासारखीच.

ती लिहायची, "आई गुडघ्याला तेल लावते का रे?"

"लावते. तू आधी कुंडी सरळ खण, पागल."

ते दिवस कंपन्यांनी कंपन्या गिळण्याचे होते. एकत्रीकरण म्हणायचे त्याला. ताईच्या कन्सोलवाल्यांनी आमचा खेळ बनवणारी कंपनी विकत घेतली आणि एकत्र खेळणं फक्त आपल्याच कन्सोलपुरतं ठेवलं. आमच्या जगाच्या दोन प्रती झाल्या, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मधला रस्ता बंद. चांगला खेळ काढून गिऱ्हाईक जिंका, माझी हरकत नाही. पण भावाबहिणीत भिंत घालून जिंकण्याला मी स्पर्धा म्हणणार नाही. तसं पत्रक लिहून मी चौकात वाटलं. एक काका म्हणाले, "बेटा, गेम के लिए आंदोलन? पहले नौकरी देख."

माझ्या प्रतीत ताई मात्र उरली होती. शेवटच्या कुंडीच्या काठावर, पिवळ्या ओढणीत, बसलेली. तिची छाती हळूहळू वरखाली व्हायची. मी जवळ गेलो की ती मान वळवायची. बोगद्यातून जाताना वर पाहिलं तर गोल उजेडात तिचा चेहरा, खाली वाकलेला. "आई बरी आहे," मी लिहायचो. ती नुसती बघायची. हे सगळं खेळाचं गणित आहे, मला कळत होतं. तरी कन्सोल बंद करायला हात धजेना.

एकदा आई मागे येऊन उभी राहिली. "कोण रे ही? अशी काय बसलीय?"

"ताई आहे."

आई पडद्याजवळ गेली. पिवळ्या ओढणीतली मान वळली. आई दोन पावलं मागे सरली.

"जा, तिला बघून ये."

"तुझी शपथ आहे मला."

"माझीच ना? मग मी सोडवली. जा."

इच्छापुरला दार उघडंच होतं. ताई आत कंट्रोलर घेऊन बसली होती. समोर पडद्यावर, कुंडीच्या काठावर, मी.

मला पाहून तिच्या हातातला कंट्रोलर निसटला. "रोज विचारते रे ह्याला, आई कशी आहे. बोलतच नाही."

मी उत्तर द्यायच्या आधी पडद्यावरच्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.