ताईचा न काढलेला फोटो

ताईच्या तेरवीसाठी तिचा फोटो शोधताना आज जुनी पेटी उघडली. जळक्या धुळीचा वास आला. माझ्या स्टुडिओतला पहिला दिवा पेटीत होता.

दिग्रसला स्टुडिओ टाकला तेव्हा कॅमेरा, दोन दिवे आणि रंगवलेला पडदा यांतच माझे सगळे पैसे संपले. फिल्मचा एकच रोल उरला होता, तोही दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकांसाठी. उजेड जुळवायला समोर कुणीतरी हवं होतं, म्हणून ताईला बोलावलं. ती लग्नातला शालू नेसून, पावडर लावून आली.

"रोल टाकला ना रे? नाही तं कायले बसू ह्या उकाड्यात?"

"टाकला न, ताई."

तासभर ती दिव्यांच्या धगीत मान ताठ करून बसली. मी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिलो.

आठवड्यानं तिनं फोटो मागितला. खराब झाला, म्हणालो.

"मायं थोबाडच तसं हाये," ती हसली. त्यानंतर ती हौसेनं कधीच फोटोला बसली नाही.

तेव्हा वाटलं होतं, एक रोल वाचला. गावातल्या कितीतरी भिंतींवर आज मी काढलेले फोटो आहेत. आमच्या भिंतीवर उद्या ताईच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लागेल. तो मी काढलेला नाही.