गाणारा येईपर्यंत

माझी पुण्याची ट्रॅव्हल्स यवतमाळहून सुटायची होती आणि आई खिडकीखाली उभी राहून न थांबता बोलत होती. चिवडा वरच्या पिशवीत आहे, कुणी दिलेलं खाऊ नको, उशाशी पर्स ठेव. "पोचली का फोन करजो वं!" बाबा तिच्या मागे उभे. बसच्या पत्र्यावर बोटांनी काहीतरी वाजवत होते. गाडी हलली तरी बोटं चालूच. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. लेक चाललीय, निदान 'जा' तरी म्हणावं.

बाबा आमच्या गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवतात. गायला बुवा आहेत. बाबांनी उभ्या आयुष्यात एक ओळ म्हटलेली मी ऐकली नाही. लहानपणी दर गुरुवारी देवळात मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि बुवांनी सूर लावला की झोपून जायची. आईला याची लाज वाटायची.

पुण्यात मी बोलून पोट भरते. कस्टमर सपोर्ट. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडे चिडलेला माणूस. मी त्याचं दुःख समजून घेते, इंग्रजीत आणि हिंदीत. सुरुवातीला माझ्या वऱ्हाडी 'काहून'ला सगळे हसले, म्हणून मराठीही धुऊन घेतली. आता गावी गेले की मैत्रिणी म्हणतात, पुणेरी झाली. मी त्यांना म्हणते, तुम्ही गावात राहिलात, तुम्हाला हे हसण्यावारी नेता येतं. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना विचारा, संध्याकाळी जीभ किती जड होते ते.

तेव्हाच कधीतरी ऑफिसातल्या कुणीतरी ती प्लेलिस्ट पाठवली. मेटल, म्हणजे दणदणाटी रॉक, पण त्यात गाणारा कुणी नाही. दोन गिटार, एक बेस, ड्रम्स, आणि दहा-दहा मिनिटं नुसतं वाजवणं. बसमध्ये उभ्याउभ्या ऐकताना मला रडू आलं. दिवसात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काहीही मागत नव्हतं. प्रेम आहे की नाही, चूक कुणाची, काही नाही. गिटार आपल्या वाटेने चढत जाते, ड्रम्स अंगावर येतात, आणि तुम्ही उत्तर द्यायला बांधील नसता. आवाज एवढा मोठा, पण मला त्यात शांत वाटायचं.

सदाशिव पेठेतल्या माझ्या घरमालकीणबाईंना मात्र तसं वाटत नसे. एकदा दारात येऊन म्हणाल्या, "अहो, ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत दार लावून घेत चला." आईचंही तेच. फोनवर मागे चालू असलेलं ऐकून विचारायची, "बाई, याच्यात गानं कवा सुरू होते?"

मग आई गेली. घरातलं सगळं बोलणं तिच्याकडे होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाबांचा फोन यायचा. "जेवली?" "हो. तुम्ही?" "हो." मग लगेच, "ठेवतो." दिवसभर परक्यांशी बोलणारी मी, स्वतःच्या बापाशी बोलायला मला काही सुचत नव्हतं. तेही एक दिवस फोन करायचे थांबतील, अशी भीती वाटायची.

म्हणून त्यांना कात्रजच्या नव्या फ्लॅटवर आणलं. इथेच राहा म्हटलं. ते गॅलरीत बसून रस्त्यावरची वाहनं बघत राहिले. एका संध्याकाळी कणीक मळताना मी सवयीने स्पीकर लावला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. बराच वेळ ऐकलं.

"गानारा नाई आला का अजून?"

"नाही बाबा. येणारच नाही."

ते खाली बसले, पोळ्यांचा डबा मांडीवर उपडा घेतला. दोनदा चुकले. "सात मात्राचं हाय हे," स्वतःशीच म्हणाले, आणि तिसऱ्यांदा ड्रम्सबरोबर समेवर आले. थांबले तेव्हा कपाळावर घाम होता. मग ते बोलले, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं एवढं. "बुवा येईस्तोवर आमी असंच वाजवो. बुवा आले का मंग त्याइच्या मागं मागं जा लागे. तुही माय म्हने, भजन आता सुरू झालं. मले वाटे, संपलं."

कणकेचे हात तसेच घेऊन मी उभी राहिले. देवळात मी कशासाठी जागी असायची आणि का झोपायची, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

ते राहिले नाहीत. ढोलकीवाचून मंडळ अडतं, म्हणाले. या वेळी खिडकीत ते होते आणि खाली मी; गाडी हलताना पत्र्यावरची त्यांची बोटं मी नीट ऐकली.

आता दर गुरुवारी संध्याकाळी देवळातून त्यांचा फोन येतो. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसते. जेवलीस का, कोणी विचारत नाही. ते फोन ढोलकीशेजारी ठेवून वाजवायला लागतात. पेटीवाला सूर धरतो, टाळ लागतात. मी भिंतीला टेकून डोळे मिटते. थकवा असतो, पण तो बाजूला बसून राहतो. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच उरलंय आणि मला ते पुरतं. मग मागून चपला काढल्याचा आवाज येतो, कुणीतरी खाकरतं, आणि बाबा घाईघाईने म्हणतात,

"आले बुवा. ठेव."