अण्णांची स्कूटर आम्ही नीट केली

जुन्या स्कूटरवाल्यांकडे किश्श्यांना तोटा नसतो. गाडी चालते कमी, बंद पडते जास्त. मग रस्त्याकडेला बसून माणूस दुसरं करणार तरी काय? आमच्या सावेडीच्या चौकडीकडेही ढीगभर जमलेत. पण हल्ली कुणी "सांग ना एखादा" म्हटलं की मी अण्णांच्या स्कूटरवरच येतो.

अण्णा म्हणजे आमच्या नानाचे वडील, पारनेरकडच्या गावातले. ते गेले आणि त्यांची हातात गिअर असलेली स्कूटर गोठ्यात पडून राहिली. नानाच्या आईला आता जवळजवळ दिसत नाही. यंदा ती त्याला म्हणाली, "ह्यांची गाडी येकदा चालू कर. दारात आल्याली ऐकायची हाय मला."

एवढंच मागणं. नानानं गाडी टेम्पोत घातली आणि माझ्या शेडमध्ये आणून टाकली.

*

इंजिन जाम होतं. आमचे देशमुख सर आयटीआयमधून रिटायर झालेले. त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं आणि रोज सकाळी येऊन ते विचारायचे, "हलला का पिस्टन?" आवाज असा की आत कुणी अॅडमिट आहे.

शेवटी नाना म्हणाला, "सर, भेटायची वेळ संपली."

*

अखेर पिस्टन सुटला. इंजिन खोलून, साफ करून पुन्हा भरलं आणि खाली पेपरवर एक वॉशर उरला.

"हा आधीपासून जास्तीचाच असणार," सर म्हणाले.

सलीमभाई डेंटिंग-पेंटिंगवाले, बोलतात कमी. "असेल सर. कंपनीनं तुमच्यासाठीच ठेवला असेल."

इंजिन पुन्हा खोललं.

*

मग ट्यूनिंग. सर कार्ब्युरेटरचा स्क्रू लावून चहाला गेले की नाना तो हळूच पाव आटा फिरवायचा. त्याच्यामागून सलीमभाई. मग मी. संध्याकाळी गोड चाललेली गाडी सकाळी भकभक करायची आणि सर हवामानाला दोष द्यायचे.

अखेर त्यांना संशय आला. घरून नेलपॉलिश आणून त्यांनी स्क्रूवर लाल ठिपका दिला. म्हणजे कुणी हात लावला तर कळेल!

दुसऱ्या दिवशी ठिपका जागच्या जागी होता. फक्त गुलाबी झाला होता.

*

सरांनी गाडी पहिल्यांदाच रस्त्यावर फिरवून शेडच्या दारात आणली तेव्हा इंजिनातून मोठी खडखड आली. नाना शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. म्हणाला, "अगदी अण्णाच आल्यासारखं वाटलं रे."

सरांचा चेहरा पडला. "हा आवाज राहिला तर माझं नाव सांगू नका."

आणि ते पुन्हा कामाला लागले. नवी बेअरिंग, नव्या रिंगा, नवा सायलेन्सर. नाना एकदा काहीतरी बोलणार होता, पण सरांची मेहनत बघून बोलला नाही. आम्हीही नाही. सलीमभाईंनी सगळे पोचे काढून पत्रा आरशासारखा केला, मी सीटला नवं रेक्झिन चढवलं. एकेकाची हौस. आज वाटतं, आमच्यापैकी एक जण जरा आळशी असता तर बरं झालं असतं.

*

रविवारी गावी निघालो. नाना पुढं स्कूटरवर, आम्ही मागून सरांच्या कारमध्ये. सरांनी काच खाली करून ठेवली होती. "आवाज ऐका, शिवणयंत्र, शिवणयंत्र!" असं ते वाटभर म्हणत होते.

आई ओट्यावर बसली होती. स्कूटर तिच्या पुढ्यात येऊन थांबली तरी तिचं तोंड रस्त्याकडंच.

"आई, अण्णांची गाडी आणली," नाना म्हणाला.

ती ओट्यावरून उतरली. हँडलवरून हात फिरवला, मग सीटवरून, मग मडगार्डवरून. मडगार्डवर हात बराच वेळ फिरत राहिला.

"एकदम नव्यासारखी केलीय, आई," सर म्हणाले.

"व्हय, लई चांगली हाय." तिनं नानाच्या पाठीवर हात ठेवला. "दमला आसशील. बसा समदी, च्या टाकते."

नाना गाडी स्टँडला लावायला वळला. तसं सरांचा आवाज आला होता तिकडं तिनं तोंड केलं आणि त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"आन् ह्यांची गाडी कधी व्हायची, सर?"