आधी चिठ्ठी

मी ज्या हॉस्पिटलात जातो तिथं दारातून आत शिरलं की पहिल्यांदा कॉफीचा वास येतो. मग संगमरवर, मग काचेवरून सतत वाहणारं पाणी, मग नमस्कार करणारी एक मुलगी. औषधाचा वास यायला तिसरा मजला गाठावा लागतो. नोकरीत असल्यापासून माझा विमा आहे. तिथं दोनदा राहूनही मी शेवटचं बिल कधी पाहिलेलं नाही. कुणीतरी कुठंतरी सही करायचं आणि मी घरी यायचो. त्यामुळे ते हॉस्पिटल उत्तम आहे असं माझं प्रामाणिक मत होतं.

हे मत गेल्या वर्षी मी एका पडलेल्या माणसावर लादलं.

हेब्बाळला आमच्या इमारतीसमोर एका शटरचं इस्त्रीचं दुकान आहे. नवरा-बायको निपाणीकडचे. आमचं घराणं बेंगळूरात इतक्या पिढ्या मुरलेलं आहे की आमचं घरातलं मराठी ऐकून पाहुणे गोंधळतात. त्या बाईला तर पहिल्या दिवशी हसू आवरेना. "अण्णा, हे मराठी कुठल्या गावचं वो?" तेव्हापासून ती माझी अक्का. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, पण तिला दुसरं काही म्हणायचा धीर होत नाही. नवरा आमच्या गप्पांत पडत नाही. तो दिवसभर उभा राहून इस्त्री फिरवतो.

त्या सकाळी मी शर्ट घेऊन उभा असतानाच तो वरच्या फळीवरचं गाठोडं काढायला स्टुलावर चढला आणि खाली आला. उठता येईना. माझी गाडी समोरच होती. मी उत्साहानं म्हणालो, "माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे." ओळख एवढीच, की तिथला कॉफीवाला मला ओळखत होता.

एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. ऑपरेशनशिवाय तो उभा राहणार नव्हता. ब्लेझर घातलेला एक तरुण फोल्डर घेऊन आला. फोल्डरवर हसणारं कुटुंब होतं आणि आत खर्चाचा अंदाज. निम्मी रक्कम संध्याकाळपर्यंत भरायची होती. स्ट्रेचरवरून नवरा म्हणाला, "दुकानाचा ॲडव्हान्स मागून घे." दुकान भाड्यानं घेताना मालकाकडे ठेवलेले ते पैसे दुकान सोडल्यावरच परत मिळतात. म्हणजे तो बायकोला दुकान सोडायला सांगत होता.

"दुकानाला हात लावायचा नाही," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अण्णा, आपण हितं का आलो?"

"चांगलं हॉस्पिटल आहे."

"असंल की. पण चिठ्ठी कुठाय?"

आरोग्य धोरणावरची दोन जाडजूड पुस्तकं मी वाचलेली आहेत. चिठ्ठीचा उल्लेख एकातही नव्हता. अक्कानं ते धोरण मला तिथंच, व्हीलचेअरच्या रांगेशेजारी, समजावलं. आपल्या रेशन कार्डावर ऑपरेशन फुकट होतं, पण आधी सरकारी दवाखान्यात जायचं. तिथं जमलं तर तिथंच होतं. नाही जमलं तर ते चिठ्ठी लिहून पुढं पाठवतात. थेट मोठ्या दारात गेलं की कार्ड पिशवीतच राहतं.

हे ती सासूच्या किडनीच्या आजारात शिकली होती. तेव्हाही एक भला माणूस त्यांना स्वतःच्या गाडीतून चांगल्या हॉस्पिटलात घेऊन गेला होता. पुढं कधीतरी घर बांधू म्हणून के. आर. पुरमला वीस बाय तीसची साइट, म्हणजे रिकामा प्लॉट, घेतलेली होती. ती बिलापायी तीन आठवड्यांत गेली. सासूही गेली. निघताना लादी पुसणाऱ्या बाईनं विचारलं, "चिठ्ठी आणली नव्हतीस?" अक्का हे सगळं आवाज न चढवता सांगत होती. मी मात्र गाडीची किल्ली हळूच खिशात टाकली.

ब्लेझरवाल्याला तिनं तीन गोष्टी सांगितल्या. पाय हलणार नाही असा बांधून द्या, दुखायचं इंजेक्शन द्या, आणि एक्स-रेची फिल्म द्या. मोबाईलवर नको, हातात.

"मॅडम, नेताय ते ॲट युवर ओन रिस्क," तो म्हणाला.

"आमचं सगळंच तसं असतंय, सर. सही कुठं करू?"

काउंटरवर मी पाकीट काढलं तेव्हा ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं. "एक्स-रेचं तुम्हीच द्या," ती म्हणाली. "हितं तुम्ही आणलंय."

सरकारी दवाखान्यात ना कॉफी होती ना वाहतं पाणी, नळातही नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाला मी माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं, ज्यावर नावाखाली माझा निवृत्तीपूर्वीचा हुद्दा अजून छापलेला आहे. त्यानं ते वाचलं आणि चहाच्या ग्लासाखाली ठेवलं. बेड नाही, उद्या या.

अक्का वाद घालत बसली नाही. साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी तिनं उघडली. रेशन कार्ड, आधार, दोन्हींच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स, चार फोटो, शिवाय एक पेन. ते पेन दुपारपर्यंत अख्ख्या रांगेत फिरत होतं. कुणाला फॉर्मवर बोट ठेवून दाखव, कुणाला झेरॉक्सच्या दुकानात पिटाळ, असं चालू असताना खिडकीतला कारकूनच लोकांना सांगायला लागला, "त्या अक्कांना विचारा." एकीकडे ती दर अर्ध्या तासानं खिडकीशी जाऊन फक्त विचारायची, "सर, झाला का बेड?" स्ट्रेचरवरचा नवरा मला म्हणाला, "तुमचा निळा शर्ट अर्धाच राहिलाय वो." खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला त्याची लाज वाटत होती.

चार वाजता एक बेड रिकामा झाला. ऑपरेशनला मात्र सहा दिवस लागले. दोन औषधं बाहेरून आणावी लागली आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रात्रंदिवस रेडिओ लावायचा. अक्का सहाही दिवस पहाटे शटर उघडायची, नऊपर्यंत इस्त्री करायची आणि डबा घेऊन बस पकडायची. माझा निळा शर्ट दुसऱ्याच दिवशी दाराच्या कडीला लटकत होता.

तो आता काठी घेऊन चालतो. फार वेळ उभं राहता येत नाही म्हणून तिनं सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेतले. तो बसून इस्त्री करतो. दुकान तेच आहे.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला फोन केला. त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या आईच्या पोटात गाठ निघाली होती. "तुमचं ते हॉस्पिटल चांगलंय ना?" मी म्हणालो, "फार चांगलंय. त्यांना आधी रस्त्यापलीकडे पाठवा."

गॅलरीतून मला दिसत होतं. अक्कानं इस्त्री बाजूला ठेवली, त्या बाईंचे कागद एकेक करून पाहिले, दोन परत दिले. मग मान वर करून हाक मारली.

"अण्णा, गाडी काढा! कुठं जायचं ते मी सांगते."

मी किल्ली घेऊन खाली उतरलो. "आणि दुकान?"

"ते बसल्यात की," ती पिशवी काखेत मारत म्हणाली. आत, बुटक्या टेबलाशी, तो कुणाची तरी कॉलर दाबून धरून वाफ सोडत होता. त्यानं मान वर केली नाही.