मापाचा पेपर

आमच्या परीक्षा विभागात सगळे त्यांना नमुनेताई म्हणतात. समोर नुसतं ताई, पाठ वळली की नमुनेताई. निकाल पक्का होण्याआधी तपासलेल्या पेपरांचे नमुने काढून बाहेरच्या परीक्षकांपुढे ठेवायचे, हे त्यांचं काम. सगळ्यांत वरचे काही, मधले काही, काठावरचे काही, आणि नापास असतील ते झाडून सगळे. मुलाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची, पानापानाची बेरीज पुन्हा करायची, लाल शेरा वाचता येत नसेल तर तपासनिसाला बोलावून नीट लिहून घ्यायचा. भलेभले प्राध्यापक त्यांना टरकून असतात. मला ते बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू? मी शेजारच्या टेबलावर बसून प्रवेशपत्रं काढतो आणि कुरकुर करतो. दोन्ही कामं मन लावून करतो.

नमुन्यांच्या गठ्ठ्यावर कायम तीन जुने पेपर असायचे. त्यांना आम्ही मापाचे पेपर म्हणतो. एक उत्तम, एक मध्यम, एक नापास. नवा तपासनीस आला की आधी हे तीन वाचतो, म्हणजे हात किती सैल सोडायचा नि कुठे आखडता घ्यायचा ते त्याला कळतं. बाकीचे पेपर ठरलेली मुदत संपली की कागद कापायच्या यंत्रात जातात. मापाचे तेवढे वाचतात.

यातला नापासाचा पेपर ताईंच्या धाकट्या भावाचा होता.

ऑफिसात हे फक्त मला ठाऊक होतं, आणि तेही माझ्या आगाऊपणामुळे. एका रिकाम्या दुपारी मी तो पेपर चाळत बसलो होतो. विषय पाणीपुरवठा. अक्षर ओळीगणिक वर चढत जाणारं. शेवटचं वाक्य अर्धवट : 'म्हणून टाकी उंचावर न बांधता आपण'. तिथे वेळ संपलेली. मी हसून म्हणालो, "आपण काय? घरी जाऊ या?"

ताईंनी पेपर माझ्या हातातून काढून घेतला. "तो माझा भाऊ आहे, दादा. नीट धरा."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

हकिकत साधी आहे, म्हणून जास्त लागते. परीक्षकांकडे जाण्याआधी कच्चे मार्क मुलांना दाखवतात. भाऊ थोडक्या मार्कांनी नापास झाला होता. वडील म्हणाले, "मला पुन्हा तोंड दाखवू नकोस," आणि जेवायला बसले. घरोघरी बाप असं बोलतात नि संध्याकाळी विसरतात. याने ते शब्दाला शब्द धरून पाळलं. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाइकांचे उंबरठे झाले, तो सापडला नाही. वडिलांनी रागाच्या भरात त्याच्या सगळ्या वह्या रद्दीत घातल्या आणि नंतर ते वह्यांच्या त्या रिकाम्या कपाटासमोर बसून राहायचे. ते गेले तेव्हा घरात आई आणि ताई उरल्या, आणि त्याच्या हातचं लिहिलेलं एक अक्षरही नाही.

पुढे ताईंना आमच्याकडे नोकरी लागली. योगायोगाने, असं त्या म्हणतात. माझा विश्वास नाही. पहिल्याच वर्षी यंत्राकडे निघालेल्या गठ्ठ्यात त्यांना ते चढतं अक्षर दिसलं. त्यांनी तो पेपर बाजूला काढला आणि नापासाचं माप म्हणून पुढे केला. कोणाचीच हरकत नव्हती. दरवर्षी विभागप्रमुख विचारायचे, "नापासाचा कुठला ठेवू या?" ताई म्हणायच्या, "मागचाच ठेवा सर, सगळ्यांना सवय आहे त्याची." कष्ट वाचत असतील तर आमचे सर कशालाही मान डोलावतात.

"झेरॉक्स काढून घरी न्या की," मी एकदा म्हटलं होतं.

"झेरॉक्समध्ये पेनाचा दाब येत नाही," ताई म्हणाल्या. पान उलटून त्यांनी मागून बोट फिरवलं. तो दाबून लिहायचा, अक्षरं पाठीमागे उमटली होती.

"मग हाच न्या. मी काही बघितलं नाही."

"विद्यापीठाचा पेपर आहे तो. आणि घरी नेऊन आईला काय दाखवू, लाल शेरा?"

नमुन्यांची खोली जिन्याखाली आहे. मला तिथे जायला आवडत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या खोलीत कोणीतरी अजून पेपर लिहितंय, वेळ संपून गेली तरी खाली मान घालून लिहितंय, असं मला वाटतं आणि अंगावर काटा येतो. नमुन्यांच्या दिवसांत ताई दार लोटून आत बसायच्या. एकदा मी गठ्ठा द्यायला गेलो, तर आतून आवाज आला, "बस ना, घाई काय आहे?" मला वाटलं मला म्हणतायत. आत गेलो. ताई टेबलाच्या अलीकडे, समोर तो पेपर, आणि पलीकडची खुर्ची बाहेर ओढलेली. मी गठ्ठा ठेवला आणि उभ्या उभ्याच परत आलो. त्या खुर्चीवर मी आजतागायत बसलेलो नाही.

यंदा परीक्षक म्हणून एक बाई आल्या. सर्दीने बेजार, हातात रुमाल, आणि चहालासुद्धा नको म्हणाल्या. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आजवरचे परीक्षक मापाचे पेपर नुसते उचलून बाजूला ठेवायचे. माप कोण मोजणार? या बाईंनी सुरुवातच तिथून केली.

दुपारी विभागप्रमुखांना, ताईंना आणि गठ्ठे उचलायला मला, असं तिघांना आत बोलावलं.

"हा नापास कसा?" बाईंनी विचारलं.

"शेरा आहे ना त्यावर," सर म्हणाले. "पद्धत चुकीची."

"पद्धत लांबची आहे, चुकीची नाही. मी सगळं सोडवून पाहिलं. उत्तर बरोबर आहे. हा मुलगा पास आहे, आणि काठावर नाही, चांगला पास आहे." बाई शिंकल्या, नाक पुसलं. "मुख्य गोष्ट पुढेच आहे. यंदाच्या नापासांतही काही जण याच वाटेने गेलेत आणि त्यांच्यावरही हाच शेरा आहे. तुमचे तपासनीस या पेपरावरून शिकलेत."

मी ताईंकडे पाहिलं. त्या टेबलाची कड घट्ट धरून उभ्या होत्या.

"याचे मार्क बदलतील?" त्यांनी विचारलं.

"जुना निकाल मी बदलू शकत नाही. माप काढून टाका आणि यंदाचे नापास पुन्हा तपासा, एवढं मी अहवालात लिहू शकते. उद्या सकाळी लिहीन."

बाहेर आल्यावर सरांनी ताईंना कोपऱ्यात घेतलं. "पुन्हा तपासणी म्हणजे निकाल लांबला, वरून बोलणी आलीच. तुम्ही एक करा. या मापाला आजवर किती परीक्षकांनी मान्यता दिलीय, ते सगळे जुने अहवाल उद्या काढून द्या. बाईंचं तोंड आपोआप बंद होईल. तुमचा पेपर जागच्या जागी राहील."

'तुमचा पेपर' सर सहज बोलून गेले. त्यांना काय कल्पना! पण ताईंना जे हवं होतं, तेच त्यांनी ताटात वाढून दिलं होतं. भाऊ राहील. फक्त नापासच राहील, आणि यंदाची ती मुलंही त्याच्यासोबत.

संध्याकाळी मी ताईंच्या घरापर्यंत सोबत गेलो. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "मी त्याला जपलं दादा, आणि त्याच्यापायी इतक्या पोरांना..." पुढचं त्यांनी गिळलं. नाही हो ताई, असं म्हणायला हवं होतं. पण ते खरं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. पाठीत वाकलेल्या, पण कान तिखट. ताईंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आई, तो पास होता. आज एका परीक्षक बाईंनी सांगितलं. चांगला पास होता."

आईंचे हात थांबले. त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मी चेष्टा तर करत नाही ना असं. पदराला हात पुसत उठल्या.

"मग कळव की त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, झालं ते झालं. आता घरी ये."

"हो आई," ताई म्हणाल्या.

मी पाणी न पिता तिथून निघालो. रस्त्यात मला रडू आलं. लोक बघत होते, बघू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सरांसमोर रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. "जुने अहवाल काढले नाहीत. माप बदलू या. यंदाचे नापास पुन्हा तपासायला द्या."

"अहो ताई, तुमचं काय जातंय यात?"

"या मुलांचे पत्ते आहेत सर आपल्याकडे," ताई म्हणाल्या. "यांना कळवता येईल."

सरांना काही उमगलं नाही. पण ताई मागे हटणार नाहीत एवढं त्यांना कळलं, आणि बाई आत अहवाल लिहायला बसल्याच होत्या.

नियम म्हणून मापातून काढलेला पेपर यंत्रात गेला. ताईंनी स्वतः घातला, एकेक पान, उलटं करून, मागून बोट फिरवून. मी म्हटलं, "ताई, निदान हे शेवटचं पान तरी ठेवा." त्यांनी नकारार्थी मान हलवली. यंत्राची घरघर मी जिन्यापर्यंत ऐकली. त्यानंतर मी खोलीत डोकावलो, तर पलीकडची खुर्ची टेबलाखाली सारलेली होती.

फेरतपासणीत पाणीपुरवठ्याची बरीच मुलं पास झाली. यादी फळ्यावर लागते, फोन करायची आमच्याकडे पद्धत नाही. ताई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "दादा, प्रवेशपत्रांवर घरचे नंबर असतात ना? द्या." मी कुरकुर न करता दिले.

त्यांनी माझ्याच फोनवरून पहिला नंबर लावला. पलीकडे कोणी बाई असाव्यात.

"मी परीक्षा विभागातून बोलतेय. तुमचा मुलगा पास झालाय... हो, पाणीपुरवठ्यात... नाही, चूक आमची होती, त्याची नव्हती." मग त्या थांबल्या. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"घरी आहे ना तो?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ताई माझ्या टेबलाच्या कडेवरच बसल्या. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"मग बोलवा त्याला," त्या म्हणाल्या. "मी थांबते."