दिवसाला एकच मोळी

बायको गेली त्या वर्षी माझा राब राहिला. आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, त्यावर शेण, झाडांचा टहाळ, पाला आणि वरून माती असे थर देऊन ते पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या जागी रोप जोमानं येतं. चैत्र लागला तसे शेजारपाजारच्या सगळ्यांचे तुकडे काळे झाले. माझा तेवढा उघडा पडून होता, साऱ्या गावाला दिसेल असा. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, आणि घरात म्हातारी आई आणि मी अशी दोन तोंडं होती.

बायको पौषात पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मी आजारी नव्हतो. ताप नव्हता, कुठं दुखत नव्हतं, नुसतं उठवत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की कोयता आठवायचा, मग झाड, मग झाडावर चढणं, आणि एवढ्यानंच दमून मी कूस बदलायचो. लढाईचे दिवस, घासलेट नाही, कापड नाही, जो तो आपल्या विवंचनेत. गावानं माझ्या दुःखाला महिनाभर दिला, तोही पुष्कळ झाला. पुढं लोक माझ्या ओटीसमोरून जाताना 'आळशाला गंगा दूर' असं मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणू लागले. आईनं भगताला दाखवलं. भगत कोंबडा घेऊन गेला. गुण आला असेल तर त्याला.

मग एक दिवस सासू आली. ती डोळखांबच्या वाटेवरच्या पाड्यातली, आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला, मधे दोन कोस. मी तिला मामी म्हणायचो. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर मला बोल लावणार. तिनं यातलं काहीच केलं नाही. भिंतीवरचा माझा कोयता काढून उशाशी ठेवला आणि म्हणाली, "एक मोळी टहाळ आना. एकच."

एका मोळीला नाही कसं म्हणायचं? गेलो. ऐनाच्या हाताला लागतील त्या फांद्या छाटून आणल्या, तिनं त्या तुकड्यावर पसरल्या. जरा हुशारी वाटली म्हणून मी पुन्हा निघालो, तर तिनं कोयता काढून घेतला.

"नाय. दुसरी उद्या. आज दोन आनाल नि उद्या पडून ऱ्हाल."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. मला उठवत नसेल त्या दिवशी ती बोलायची नाही. अंगणात माझ्याकडे पाठ करून बसायची आणि वाळलं शेण कुटत राहायची, मी उठेपर्यंत. कधी दुपार व्हायची. दुपारी उठलो तरी मोळी चुकायची नाही, आणि सकाळी उठलो तरी दुसरी मिळायची नाही. तसले दिवस मला पुढं आयुष्यात पुष्कळ आले, अजून येतात, आणि तिच्या त्या एका मोळीवरच मी ते काढले.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लेक मुलासकट गेली, म्हणजे रीत कायमचीच राहिली. मामी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. नाचणीची भाकर फडक्यात बांधून आणायची आणि तुकड्याच्या कडेला बसून खायची. त्या खाण्याचा मला राग यायचा. माझ्या गळ्याखाली घास उतरत नव्हता, आणि हिची तर पोटची पोर गेलेली. एक दिवस तोंडातून गेलंच.

"मामी, तुमचीच लेक ना ती? तुमाला भाकर जाते कशी?"

तिनं तोंडातला घास सावकाश गिळला. "चला," म्हणाली, "मोळी ऱ्हायलीय."

वैशाखात राब पुरा झाला. वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवला, म्हणजे सावकाश जळतो. दोघं दोन बाजूंनी आग राखत उभे होतो. तुकडा काळा झाला तेव्हा मला कित्येक महिन्यांनी भूक लागली. घरी येऊन आईकडे जेवण मागितलं, तर तीच रडायला लागली.

आणि मग मी शहाणपणा केला. साठीची बाई, दोन कोस येणार, दोन कोस जाणार. तिला वाटेला लावायला गेलो आणि म्हणालो, मामी, आता माझं मी बघतो. तुमी दमू नका, घरी जरा पडा. ती उभी राहिली. बियाणं निवडायचं राहिलंय ना, म्हणाली. मी म्हटलं, ते आई निवडेल. मग ती चालायला लागली. गरज सरो, वैद्य मरो असं म्हणतात. माझ्या मनात तसलं काही नव्हतं, पण माझ्या मनाला कोण विचारतो?

रोप दाट आलं. आवणीच्या, म्हणजे रोप उपटून खाचरात लावायच्या धांदलीत मी तिकडं फिरकलो नाही. आवणी उरकली तेव्हा सासरा आला, चिंब भिजलेला. मामीनं वैशाखापासून अंथरूण धरलंय, म्हणाला. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. लेक गेल्यापासून घरात तिनं चूल पेटवली नव्हती, केर काढला नव्हता.

"तुमच्याकडं यायाचं म्हनून तेवडी उठायची. भाकर मी बांदून द्यायचो. दिवसभरात तेवडीच खायची."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तुमचं ऐकेल, चला, एवढंच म्हणाला.

गेलो. ती घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिचंच औषध तिला देऊन पाहिलं. आमची आवणी राहिलीय, माणूस कमी आहे, एकच दिवस चला, असं खोटं सांगितलं. तिनं कूस बदलली, माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच बोललात ना, दमू नका म्हनून," ती म्हणाली. "नाय दमत आता."

टोमणा नव्हता तो. मला बरं वाटावं म्हणून सांगत होती.

मी तिथं राहिलो. ती करायची तसा दाराशी तिच्याकडे पाठ करून बसलो, काहीबाही काम हातात घेऊन. माझ्या अंगणात ती महिन्याच्या वर बसली होती. मी चार दिवस बसलो आणि पाचव्या दिवशी निंदणीचं निमित्त सांगून घरी आलो. भादव्यात ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खरोखरच शेतात होतो.