टेकडीवरचे कोरे दगड

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ भागात माझे वडील डॉक्टर होते. मी तिथल्याच शेरीफच्या कार्यालयातून तपास अधिकारी म्हणून निवृत्त झालो.

मे महिन्यात तिथली कुटुंबं टेकडीवरच्या आपापल्या कबरी साफ करतात, फुलं ठेवतात आणि तिथेच एकत्र जेवतात. त्याच सुमारास ऐंशीच्या घरातल्या एक बाई ठाण्यात आल्या.

"डॉक्टरांचा मुलगा ना तू? आमच्या कबरी नाहीशा झाल्यात. माझी तीन दिवसांची मुलगी आहे तिथे. मेल्यावर मला तिच्याच शेजारी जायचंय."

ती टेकडी एका खाण कंपनीने घेतली होती. मॅनेजरने नकाशा पुढे केला. "यात कबरी नाहीत. नाव नसलेले दगड म्हणजे काय कबरी?"

सांगायला लाज वाटते, पण मीही बाईंकडे कागदपत्रं मागितली. तिथल्या गरिबांना नाव कोरून घेणं कुठून परवडणार? ओढ्यातला दगड उभा करायचा आणि भोवती निळ्या फुलांची वेल लावायची, की झाली कबर. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी मी कागद मागितला.

मग टेकडीवर गेलो. जमीन सपाट केली होती, पण कडेला तीच वेल उपटून पडलेली दिसली. मी बुलडोझर चालवणाऱ्याला चौकशीला बोलावलं. माणूस स्थानिक होता. मी दमदाटी केली नाही, एवढंच विचारलं, "तुमच्या आजीची कबर कशी आहे?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. "अशीच, कोऱ्या दगडाची. मॅनेजरला सांगितलं होतं मी. तो म्हणाला, ढकल दरीत. माझ्याने नाही झालं."

त्याच्या गोठ्यामागे एकोणीस दगड ओळीने मांडलेले होते. कुठला कुठे होता ते चुकू नये म्हणून प्रत्येकावर त्याने खडूने आकडा घातला होता. जमीन खोल खणलेली नव्हती, त्यामुळे सगळे दगड पुन्हा जागेवर बसले.

मॅनेजर मात्र माफीच्या पत्रावर सुटला. वर कंपनीने तिथे पाटी लावली: 'अज्ञात व्यक्तींच्या कबरी'. नोंद नाही म्हणजे माणूसच नाही, असं म्हणणं आम्हा सरकारी लोकांना किती सोपं जातं, ते मी या प्रकरणात स्वतःवरूनच शिकलो.

बाईंनी पाटी वाचली आणि दगडामागून दगड नावं सांगत गेल्या. सगळ्यात लहान दगडाशी थांबून मला म्हणाल्या, "अज्ञात कुणाला रे?"

गणवेशातच मी ती पाटी उपटली. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. मी एकोणीस नावं लिहून पाठवली.